फोटो ‘धुवायचं’ सॉफ्टवेअर

महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, आम्ही दहा-बारा हौशी फोटोग्राफर एकत्र जमतो. एकमेकांचे फोटो बघतो, चहा पितो, थोडे वाद घालतो. नव्यानं कॅमेरा घेतलेलं कुणी आलं, की त्याचा पहिला प्रश्न लेन्सबद्दल असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ हा तो प्रश्न. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, पण तो योग्य रीतीनं कसा विचारायचा, हे सांगता येतं. आज तेवढंच सांगणार आहे.

थोडं रोलच्या काळात जाऊ. तेव्हा फोटो काढणारा एक आणि धुणारा दुसरा. आपण छत्तीस फोटोंचा रोल स्टुडिओत द्यायचो, चार दिवसांनी पाकीट हातात यायचं. उजेड किती ठेवला, कडा किती कापल्या, हे सगळं डार्करूममधल्या माणसाच्या मर्जीवर. मोठ्या स्टुडिओत टचिंग करणारा आणखी वेगळा. बारीक टोक काढलेल्या पेन्सिलीनं तो निगेटिव्हवरच चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या भरून काढायचा. ही दोन्ही कामं आता संगणकावर आली आहेत. पण ती अजूनही दोन वेगळी कामं आहेत, आणि सॉफ्टवेअर निवडतानाचा निम्मा गोंधळ हे लक्षात न आल्यामुळे होतो.

फोटोशॉप हे टचिंगवाल्याचं घर आहे. १९९० साली ते आलं आणि इतकं रुजलं, की ‘फोटोशॉप केलंय’ हे आपल्याकडे क्रियापद होऊन बसलं. त्यामुळे नवा माणूस तेच घ्यायला धावतो. एका फोटोवर दोन तास बसायचं असेल, विजेची तार काढून टाकायची असेल, दोन फोटो एकत्र जोडायचे असतील, तर ते उत्तमच. फुकट मिळणारं जिम्पही त्याच जातीचं. पण कासच्या पठारावरून आणलेले दोनशे फोटो निवडायचे, धुवायचे आणि नीट लावून ठेवायचे, तर लागतं ते धुणारं सॉफ्टवेअर. लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब, डार्कटेबल, रॉथेरपी ही त्या गटातली नावं.

यांचा उपयोग कुणाला? जो कॅमेऱ्यात ‘रॉ’ फाइल साठवतो त्याला. जेपेग म्हणजे कॅमेऱ्यानं आतल्या आत धुऊन हाती दिलेला फोटो. रॉ म्हणजे न धुतलेली निगेटिव्ह. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटांच्या रॉमध्ये ४,०९६ आणि १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. आकडे कोरडे वाटतील, पण संध्याकाळी रंकाळ्याच्या काठी उभं राहून फोटो काढा. आकाश झकास येतं आणि पुढे उभी असलेली घरची मंडळी काळी पडतात. जेपेगमध्ये त्यांना उजळायला गेलं, की चेहऱ्यांवर खरखर दिसते आणि आकाशात पट्टे उमटतात. रॉमधून तेच चेहरे बऱ्यापैकी बाहेर येतात. याची किंमत म्हणजे जागा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५-३० एमबी भरते.

ज्यांचे फोटो मोबाइलवर निघतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे जातात आणि तिथेच संपतात, त्यांनी यातलं काहीही घेऊ नये. मोबाइलच्या गॅलरीतच पुरेशी सोय असते, स्नॅपसीड तर फुकट आहे. यात कमीपणा काही नाही.

आता खरा मुद्दा. धुणारं सॉफ्टवेअर मूळ फोटोला हातच लावत नाही. ते फक्त कृती लिहून ठेवतं, आपण मसाल्याची कृती वहीत लिहून ठेवतो तशी. उजेड इतका वाढव, डावीकडून एवढं काप, निळा जरा गडद कर. फोटो उघडला, की दर वेळी ती कृती वापरून तो आपल्याला दाखवला जातो. प्रश्न असा, की ही वही असते कुठे? लाइटरूममध्ये ती कॅटलॉग नावाच्या एका वेगळ्या फाइलमध्ये असते. सांगितलं तरच तिची प्रत फोटोजवळ ठेवली जाते. डार्कटेबल स्वतःचा कॅटलॉग तर ठेवतंच, पण प्रत्येक फोटोशेजारी एक्सएमपी नावाची छोटी फाइलही आपणहून लिहितं. आणि एकाची कृती दुसऱ्याला वाचता येईल, अशी आशा धरू नये. फोटोला दिलेले तारे, लिहिलेल्या ओळी एकाकडून दुसऱ्याकडे बऱ्यापैकी जातात. धुणं जात नाही.

आमच्यातले एक निवृत्त शिक्षक नऊ वर्षं वारीचे फोटो काढत होते. प्रत्येक फोटोखाली दिंडी कोणती, माणूस कोणत्या गावचा, हे चौकशी करून लिहायचे. पुढे त्यांनी नवा संगणक घेतला. फोटोंचे सगळे फोल्डर नीट उतरवून घेतले, जुना संगणक भंगारात दिला. कॅटलॉग जुन्या यंत्रावर वेगळ्या जागी होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. फोटो सगळे आले, एकही हरवला नाही. पण कॅमेऱ्यातून जसे निघाले होते तसे. नऊ वर्षांचं धुणं गेलं आणि नावं गेली. धुणं त्यांनी पुन्हा सुरू केलं आहे, सरावानं आता लवकर होतं. नावांचं काय करणार? सुरुवातीच्या वर्षांतले काही वारकरी आता हयात नाहीत.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: या सॉफ्टवेअरमधून बाहेर पडायची वाट कशी आहे? कारण बाहेर पडायची वेळ येते. अ‍ॅपलनं २००५ साली अ‍ॅपर्चर काढलं आणि २०१४ साली ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. गूगलनं पिकासा २०१६ साली बंद केलं. लाइटरूमची एकदाच पैसे देऊन मिळणारी शेवटची आवृत्ती, सहावी, २०१५ सालची. त्यानंतर वर्गणी. अ‍ॅफिनिटी २०१५ साली आलं तेव्हा एकदाच पैसे भरायचे होते. २०२४ साली कॅनव्हा कंपनीनं ते विकत घेतलं आणि २०२५ साली फुकट करून टाकलं. आपला फायदाच झाला म्हणायचा. पण तो निर्णयही आपण घेतलेला नव्हता.

वर्गणी म्हटलं, की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात. मला त्यात पाप दिसत नाही. जो दर आठवड्याला शेकडो फोटो धुतो, त्याला लाइटरूमची वर्गणी परवडते, आणि काम खरोखर भराभर होतं. वर्गणी थांबवली तरी लाइटरूम क्लासिकमधला कॅटलॉग उघडतो, फोटो बाहेर काढता येतात, फक्त नवं धुणं बंद पडतं. हे आधी माहीत असलेलं बरं. वर्षातून दोन सहली आणि गणपती एवढंच फोटोग्राफीचं निमित्त असणाऱ्यानं मात्र बारा महिने भाडं का भरावं? आणि ‘क्रॅक’ केलेली प्रत फुकट टाकून देणारा संगणकवाला आजही भेटतो. त्याला हात जोडून नको म्हणावं. चोरीचा प्रश्न आहेच, शिवाय त्या प्रतीबरोबर संगणकात आणखी काय शिरतं, ते त्यालाही ठाऊक नसतं.

मग सुरुवात कुठून? तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीनंच दिलेल्या सॉफ्टवेअरपासून. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, सोनीचं इमेजिंग एज. तिन्ही फुकट, आणि तिन्हींकडे कुणी ढुंकून बघत नाही. दिसायला जुनाट, चालीला संथ, पण त्या कॅमेऱ्याचे रंग त्यांना घरचे असल्यासारखे कळतात. सहा महिने त्यांवर काढावेत. काय कमी पडतं ते तोवर कळेल. मग पैसे मोजायचे की डार्कटेबल शिकायचं, ते ठरवावं. डार्कटेबल उघडल्यावर पहिल्या दिवशी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवल्यासारखं वाटतं, हे सांगून ठेवतो. संगणकाची मेमरी १६ जीबी असेल तर जीवाला त्रास कमी. पैशांची सॉफ्टवेअर बहुतेक वेळा काही दिवस वापरून बघता येतात. तेव्हा शिकवणीच्या व्हिडिओतले सुंदर फोटो घेऊ नका. स्वतःचे फसलेले वीस घ्या.

कोणतंही घेतलं तरी वर्षाच्या शेवटी निवडक फोटो धुतलेल्या रूपात बाहेर काढून ठेवावेत. टिफमध्ये किंवा पूर्ण दर्जाच्या जेपेगमध्ये, मूळ रॉच्या शेजारी, आणि दोन वेगळ्या डिस्कवर. आठ बाय बारा इंचांची चांगली प्रिंट ३०० डीपीआयनं काढायला २,४०० गुणिले ३,६०० पिक्सेल लागतात, म्हणजे ८६ लाखांच्या आसपास. बाहेर काढताना आकार त्याच्या खाली आणू नका.

जुन्या फोटोंबद्दल थोडं. आपल्या दमट हवेत आजी-आजोबांच्या फोटोंवर बुरशी येते, डाग पडतात. ते स्कॅन करून हीलिंगच्या हत्यारानं सावकाश पुसता येतात. फोटोशॉपमध्ये ते २००२ पासून आहे, जिम्पमध्येही आहे. २०२३ पासून फोटोशॉपमध्ये फाटलेला भाग यंत्राकडून नव्यानं रचून घेण्याचीही सोय झाली. भिंत, पडदा, खुर्चीचा पाय यांसाठी जरूर वापरा. आजोबांचा गेलेला कान त्यानं भरला, तर तो कान आजोबांचा नसतो.

शेवटी आपल्या लिपीची एक अडचण. फोटोवर मराठीत नाव टाकायला गेलं, की कित्येकदा जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या जागी जाते. त्यामुळेच आपले डीटीपीवाले वर्षानुवर्षं वेगळ्या बांधणीचे फॉन्ट वापरत आले. जिम्पमध्ये युनिकोड मराठी सहसा सरळ उमटतं. फोटोशॉपमध्ये काही आवृत्त्यांत मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय आधी निवडावा लागतो. सॉफ्टवेअर बसवल्याबरोबर ‘ज्ञानेश्वर’, ‘कीर्ती’ आणि ‘उद्घाटन’ हे तीन शब्द टाइप करून बघा. रफार जागेवर बसला नाही, तर पत्रिका छापायला जाण्याआधी ते सेटिंग शोधा.