कामावरचा सोबती

डिचोलीत केशव सेवा साधना ही संस्था विशेष मुलांची शाळा चालविते. अशी शाळा सुटली, की पुढे काय? २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी निदान ४ टक्के जागा राखल्या. खाजगी कारखान्यांवर तशी सक्ती नाही. शिवाय जागा मिळाली म्हणजे काम जमलेच, असे नव्हे. पेडण्याच्या खेड्यातून कदंबची बस गाठणे, पाळीची वेळ सांभाळणे, मुकादमाचा शब्द उमजणे, हे वर्गात बसून येत नाही. म्हणून १९८० नंतर अमेरिकेत निराळी रीत रूढ झाली: आधी काम द्यावे, मग त्याच जागी शिकवावे. शिकविणारा सोबती शेजारी उभा राहतो. हात बसला, की हळूहळू दूर सरतो. तुये वा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत असा सोबती नेमावयाचा, तर त्याचे वेतन आईबापांच्या माथी पडू नये. सरकारने व कारखानदाराने ते वाटून घ्यावे.