वाद घाला, पण समोर उभे राहून



धार्मिक सलोख्याचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेला सल्ला मिळतो. ग्रुपवर धर्माचे बोलू नका, सणाला शुभेच्छा द्या आणि विषय मिटवा. या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे आणि तो मी या व्यासपीठावरून जबाबदारीने नोंदवतो. मोबाईलमधून घरोघर पोहोचणारे विष लोक फार वाद घालतात म्हणून पसरलेले नाही. वाद घालण्याची रीत आपण टाकून दिली, म्हणून ते पसरले आहे. गप्प बसणाऱ्या शेजाऱ्यांच्या मनात काय साठते, हे त्यांना एकमेकांकडून कधी कळतच नाही. ते तिसराच कुणीतरी येऊन सांगतो.

समोरासमोर वाद घालण्याची ही रीत मराठीत जुनी आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यातले दोघे एकमेकांची भीड ठेवत नाहीत. एक देवांच्या कथांवर बोट ठेवतो, दुसरा कुर्बानीबद्दल जाब विचारतो. पण दोघेही समोरच्याचे ऐकतात, उत्तर देतात आणि अखेरीस एकमेकांना आलिंगन देतात. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात वाद झाले. तिथली भाषा मवाळ नव्हती. धर्मांतराचा प्रश्न ऐरणीवर होता. तरीही विचारणारा नावानिशी उभा असे, उत्तर देणारा तिथेच असे, ऐकायला लोक असत आणि पुढे या वादांचे वृत्तान्त इंग्रजीत व मराठीत छापले गेले. बोललेला शब्द मागे घेण्याची सोय कुणालाच नव्हती. परधर्मावर बोलायचे तर त्याचे ग्रंथ वाचावे लागत, कारण चुकीचा दाखला दिला तर भर सभेत पकडले जाण्याची धास्ती होती.

आता आपल्या हातातल्या मोबाईलवरचा मजकूर बघा. त्याला लेखक नसतो, ग्रंथाचे पान नसते, आणि ज्या समाजाविषयी तो लिहिलेला असतो त्यातला एकही माणूस बहुधा त्या ग्रुपवर नसतो. प्रश्न विचारायचा कुणाला? 2014 साली हडपसरला फेसबुकवरच्या मजकुरावरून पेटलेल्या जमावाच्या मारहाणीत एक तरुण अभियंता गेला; त्या मजकुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जून 2023 मध्ये कोल्हापूर मोबाईलवरच्या स्टेटसवरून पेटले आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्यातल्या पुसेसावळीत एका पोस्टवरून दंगल झाली आणि एकाचा जीव गेला. व्हॉट्सअ‍ॅपने 2018 मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी झाला असेल, पण मजकुराला धनी मिळाला नाही.

माझ्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की वाद बरोबरीच्या लोकांत होतो. ज्याला रात्री घरावर दगड पडण्याची भीती आहे, त्याला चर्चेला बोलावणे ही क्रूर थट्टा आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. इतिहासही त्याच्याच बाजूने साक्ष देतो. ख्रिस्ती मिशनरी फादर स्टीफन्स यांनी 1616 साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' मराठी ओवीत आणले, पण त्याच गोव्यात 1560 पासून धर्माच्या नावाने शिक्षा देणारे इन्क्विझिशनचे न्यायासन बसलेले होते. भाषा आपली झाली म्हणून भय संपले नाही. म्हणूनच पहिली जबाबदारी संख्येने मोठे असणाऱ्यांची आहे. आपल्याच धर्माचा माणूस आपल्याच ग्रुपवर खोटे लिहितो, तेव्हा त्याला तिथल्या तिथे अडवण्याचे काम आपले आहे. दुसऱ्या धर्माच्या एकट्यादुकट्याने ते करावे, ही अपेक्षा भ्याडपणाची आहे.

दुसरा आक्षेप भावना दुखावण्याचा, आणि त्याला मी फार किंमत देत नाही. जोतीराव फुल्यांइतकी धर्मग्रंथांची कठोर चिकित्सा मराठीत फार थोड्यांनी केली. तरी 1891 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त त्यांनी एकाच कुटुंबातल्या माणसांनी वेगवेगळे धर्म पाळत एका छपराखाली गोडीने राहावे, असे चित्र रेखाटले. चिकित्सा आणि शेजार दोन्ही त्यांना एकदम हवे होते. कायद्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनाही एवढेच सांगतो: 1927 पासून धर्मभावनांच्या अपमानाविरुद्ध दंड संहितेत कलम 295अ होते, आता भारतीय न्याय संहितेत कलम 299 आहे. कायदा गुन्हा घडल्यावर येतो. शेजाऱ्याच्या धर्मात काय सांगितले आहे, हे तो आपल्याला शिकवत नाही.

तेव्हा इथे जमलेल्या लिहित्या-वाचत्या माणसांकडे माझी मागणी आहे. परधर्माविषयीचा निनावी मजकूर पुढे पाठवू नका. टीका करायची असेल तर बेलाशक करा, मात्र खाली स्वतःचे नाव घाला, आधार द्या, आणि पाठवण्यापूर्वी तो मजकूर त्या धर्माच्या एका तरी माणसाला वाचून दाखवा. असा एकही माणूस ओळखीचा नसेल, तर आधी तो शोधा आणि मग लिहा.