हन्नेचें स्तवन

बायबलांतील दीडशें स्तोत्रांच्या संग्रहाला मराठींत स्तोत्रसंहिता म्हणतात. इब्री भाषेंत त्याचें नांव 'तेहिल्लीम' असें असून त्याचा अर्थ 'स्तवनें' असा होतो. नांव ऐकून कोणासही वाटेल कीं, या ग्रंथांत आरंभापासून अखेरपर्यंत आनंदाचाच घोष भरलेला असावा. परंतु ग्रंथ उघडून वाचूं लागल्यास निराळाच अनुभव येतो. आजार, शत्रूंचा छळ, सोबत्यांनीं फिरविलेली पाठ, देवाचें मौन, यांविषयींचीं गाऱ्हाणीं त्यांत इतकीं आहेत कीं, अभ्यासकांनीं स्तोत्रांचे जे वर्ग पाडले आहेत त्यांत विलापस्तोत्रांचा वर्गच सर्वांत मोठा भरतो. ८८ वें स्तोत्र तर अंधाराच्या उल्लेखावरच संपतें. पुढें उजाडल्याचें त्यांत कोठेंही सांगितलेलें नाहीं. असें असतां ज्यांनीं हा संग्रह सिद्ध केला त्यांनीं या सर्वांस मिळून 'स्तवनें' हेंच नांव दिलें. रडणें बाजूस काढावें व गोड तेवढें निवडून ठेवावें असें त्यांस वाटलें नाहीं. आजकाल उपासनेसाठीं गीतें निवडतांना ही निवड मात्र सर्रास होते, आणि ती एकांगी आहे.

तथापि त्या नांवानें एक अवघड प्रश्न उभा राहतोच. एखाद्या घरीं रोग्याच्या उशाशीं बसून रात्रीमागून रात्र प्रार्थना झाली आणि रोगी वांचला नाहीं, तर त्या घरच्या माणसांनीं रविवारीं मंदिरांत उभें राहून स्तुतिगीत कोणत्या तोंडानें गावें? या प्रश्नाचें उत्तर सिद्धान्तांत शोधण्यापेक्षां एका स्त्रीच्या कथेंत शोधलेलें बरें. ती स्त्री म्हणजे शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना.

एफ्राइमाच्या डोंगराळ प्रदेशांत एलकाना नांवाचा एक गृहस्थ राहत असे. त्याला दोन बायका होत्या. पनिन्ना लेंकुरवाळी होती, आणि हन्नेची कूस उजवली नव्हती. दरवर्षीं सारें कुटुंब शिलो येथें यज्ञासाठीं जाई. इतरांना जो सणाचा दिवस, तोच हन्नेला सर्वांत जड जाई. कारण त्याच दिवशीं सवत तिला मुद्दाम टोंचून बोले, आणि पानावरचा घांस तिच्या घशाखालीं उतरत नसे. एलकाना स्वभावानें भला. आपण एकटे तिला दहा मुलांच्या ठिकाणीं नाहीं काय, अशा अर्थाचें कांहीं बोलून तो तिची समजूत घाली. हें बोलणें प्रेमाचें खरें. पण अशा बोलण्यानें तें दुःख हलकें होत नाहीं, हें कोणतीही स्त्री सांगेल.

अशाच एका वर्षीं ती जेवणानंतर उठली आणि देवाच्या मंदिरांत जाऊन रडत रडत प्रार्थना करूं लागली. ओठ हलत होते, परंतु आवाज बाहेर फुटत नव्हता. दाराशीं बसलेल्या एली याजकानें तें पाहिलें, आणि ही बाई मद्य पिऊन आली आहे असें समजून तिची कानउघाडणी केली. प्रार्थना ओळखणें हेंच ज्याचें काम, त्यालाच ती ओळखतां आली नाहीं! हन्नेनें मात्र शांतपणें खुलासा केला, आणि याजकाचा आशीर्वाद घेऊन ती परतली. पुत्र झाल्यास तो आजन्म देवाला वाहीन, असा नवस ती करून चुकली होती. नवस म्हणजे काय हें महाराष्ट्रांतील कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावें लागत नाहीं.

यथाकाल शमुवेल जन्मला. त्याचें दूध तुटेपर्यंत ती शिलोला गेली नाहीं. त्या काळीं मूल दोन-तीन वर्षांचें होईपर्यंत अंगावर पीत असे, म्हणजे बोबडे बोल ऐकण्याइतका सहवास तिला लाभला असला पाहिजे. नंतर एके दिवशीं मुलाला घेऊन ती शिलोला आली, म्हाताऱ्या एलीच्या स्वाधीन त्याला केलें, आणि तेथें तिच्या मुखांतून तें प्रसिद्ध स्तवन निघालें.

तें गीत केव्हां गाइलें गेलें हें विशेष पाहण्यासारखें आहे. मूल झालें त्या दिवशीं तिनें काय गाइलें, याची नोंद शास्त्रांत नाहीं. पाळण्याशीं बसून काय गुणगुणली तेंही नाहीं. जे हात भरले होते ते पुन्हा रिकामे झाले, त्या घटकेला तिनें गाइलें. पदरांत पडलेल्या दानाबद्दलचे हे आभार असते, तर त्यांची वेळ दोन-तीन वर्षांपूर्वींच येऊन गेली होती. नवस हा एक प्रकारचा करार असतो. तो फिटला म्हणजे दोन्ही पक्ष मोकळे होतात. येथें नवस फिटल्यावर गीत सुरू झालें.

आणि त्या गीतांत आहे तरी काय? मुलाचें नांव नाहीं, विरहाचा शब्द नाहीं. शूरांचीं शस्त्रें निकामी होतात व दुबळे कंबर कसून उभे राहतात. सुखवस्तूंना मजुरी धरावी लागते व उपाशी तृप्त होतात. उकिरड्यावरचा दरिद्री मानाच्या जागीं बसतो. अशी जगाची सारी उलथापालथ देवाच्या हातीं आहे, हा त्याचा विषय. वांझेला सात मुलें होतात असेंही त्यांत म्हटलें आहे. वस्तुतः हन्नेला त्या वेळीं एकच मूल होतें, आणि तेंही ती देऊन टाकीत होती. पुढें तिला आणखी तीन पुत्र व दोन कन्या झाल्या, म्हणजे सर्व मिळून सहा. सातांचा हिशेब तिच्या संसाराशीं कधींच जुळला नाहीं! ती स्वतःपुरतें गातच नव्हती. पंक्तींत मान खालीं घालून बसणाऱ्या आपल्यासारख्या सर्वांच्या वतीनें ती गात होती.

गीताच्या शेवटीं राजाचा उल्लेख येतो, आणि त्या काळीं इस्राएलांत राजा नव्हता. यावरून हें गीत मागाहूनचें असून तें हन्नेच्या कथेंत गुंफलें गेलें असावें, असें कित्येक पंडित मानतात. तसें असल्यास गुंफणाराची दृष्टि अधिकच वाखाणण्यासारखी आहे. कारण हें विजयगीत त्यानें पुत्रजन्माच्या प्रसंगीं न घालतां पुत्रत्यागाच्या प्रसंगीं घातलें. गीत संपल्यावर कथेंत एक लहानशी गोष्ट सांगितली आहे. हन्ना दरवर्षीं एक छोटा अंगरखा शिवून मुलासाठीं शिलोला नेत असे. वर्षभरांत मूल किती वाढलें असेल, याचा अंदाज ती घरीं बसून कसा करीत असेल? स्तवन केल्यानें तिची माया आटली नव्हती.

हजाराहून अधिक वर्षांनीं यहूदाच्या डोंगराळ भागांत हेंच गीत नव्या रूपानें पुन्हा उमटलें. वाग्दत्त, परंतु अद्याप सासरीं न गेलेली मरीया गरोदर अवस्थेंत आपली नातलग अलीशिबा हिच्या घरीं आली. लोक काय म्हणतील हें तिला ठाऊक नसेल असें नाहीं. तिच्या स्तवनांतही गर्विष्ठ पांगतात, भुकेले तृप्त होतात. शतकानुशतकें ख्रिस्ती मंडळ्या तें सायंप्रार्थनेंत गात आल्या आहेत.

त्याच मरीयेचा पुत्र मरणापूर्वींच्या रात्रीं शिष्यांसह भोजनास बसला होता. भोजन संपल्यावर ते स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे निघून गेले, असें शुभवर्तमानांत नमूद आहे. वल्हांडणाच्या रात्रीं ११३ ते ११८ हीं स्तोत्रें गाण्याचा यहुद्यांचा परिपाठ आहे. तेव्हां तीं हींच असावींत असें बहुतेकांचें मत आहे. हीं सहाही स्तुतीचीं स्तोत्रें होत. गेथशेमाने बागेंतील त्या घोर प्रार्थनेपूर्वीं प्रभूच्या ओठांवर स्तवन होतें! फिलिप्पै येथील तुरुंगांत पौल व सीला मध्यरात्रीं गात होते, त्या वेळीं त्यांचे पाय खोड्यांत अडकलेले होते. भूकंप झाला व दारें उघडलीं तीं त्यानंतर.

महाराष्ट्रांतही याचें उदाहरण आहे. पंडिता रमाबाई यांनीं केडगांव येथें मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सबंध बायबलाचें मराठी भाषांतर केलें. तोंवरच्या भाषांतरांतील संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांस कळत नाहीं, म्हणून त्यांनीं हें काम अंगावर घेतलें. काम चालू असतांनाच १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तली. रमाबाईंनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं. १९२२ च्या एप्रिलमध्यें त्या स्वतः गेल्या, आणि १९२४ मध्यें ग्रंथ छापून बाहेर पडला. हन्नेची कथा त्यांच्या सोप्या मराठींत केडगांवच्या परित्यक्त मुलींनीं वाचली असेल, तेव्हां सात मुलांचा तो हिशेब त्यांना कदाचित् अधिक चांगला कळला असेल.

हे दयाघन पित्या, ज्या घरीं प्रार्थना झाली आणि मागितलेलें मिळालें नाहीं, त्या घराजवळ राहा. ज्या मातेचे ओठ हलतात पण आवाज फुटत नाहीं, तिचें म्हणणें तूं ऐक; आणि तुझ्या दाराशीं बसलेल्या सेवकांस तें ओळखण्याची दृष्टि दे. ज्यांस आज गातां येत नाहीं, त्यांच्यावर गाण्याची सक्ति होऊं देऊं नको. त्यांचें रडणेंही तुझ्या स्तवनांच्या ग्रंथांत लिहून घे. आणि ज्यांचे हात रिकामे झाले आहेत, त्यांना वर्षाकांठीं एक लहानसा अंगरखा शिवण्याइतकी आशा दे. आमेन.