बांधलेल्या इंजिनातलं शेलॅक

दसऱ्याच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्याआधी मुकादमांच्या जीपा आणि पिकअप गॅरेजात येऊन पडतात. ‘इंजिन बांधून द्या, चार दिवसांत कारखान्यावर जायचंय.’ अशा घाईत बांधलेलं इंजिन लांबूनही ओळखू येतं. सांध्यासांध्यातून शेलॅकच्या वळकट्या बाहेर आलेल्या असतात.

शेलॅक म्हणजे खरं तर लाख. आज ट्यूबमधून पिळतात ते बहुतेक वेळा सिलिकॉन असतं, नाव तेवढं जुनं राहिलं. ते मुळात वाईट नाही. ऑइलच्या चेंबरला, टायमिंग कव्हरला बऱ्याच कंपन्या स्वतःच ते लावायला सांगतात. पण बारीक धार पुरते, आपल्याकडे थापतात. बोल्ट आवळला की माल जसा बाहेर येतो तसा आतही जातो. आतला पुढं तुटतो, ऑइलमध्ये पडतो आणि पंपाच्या जाळीवर बसतो. जाळी बुजली की बेअरिंगला ऑइल मिळत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात ऑइलचा दिवा लागला तर ‘वर पोचू, मग बघू’ म्हणू नका. गाडी कडेला घ्या आणि इंजिन तिथंच बंद करा.

हेडचं दुखणं वेगळं. हेड तापून वाकलं असेल तर मशीनवर फेसिंगच करावं लागतं. वाकलेल्या हेडखाली गॅस्केटला शेलॅक फासून काम भागवलं, तर सिलिंडरमधल्या जळत्या वायूच्या दाबापुढं ते किती दिवस तग धरणार? मग रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कमी होत जातं, डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. असं ऑइल दिसलं की गाडी पुढं चालवायची नाही. आणि रेडिएटरचं झाकण इंजिन थंड झाल्यावरच उघडायचं.

ब्लॉकच्या चिरेवर एम-सील, गळक्या रेडिएटरमध्ये हळद, हे उपाय मीही पाहिलेत. आडरानात अडकलात तर गावापर्यंत पोचायला ठीक. पण हळदीचा गाळ रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. त्यात आपलं बोअरचं जड पाणी, त्याचे क्षार आधीच तिथं ठाण मांडून असतात. कूलंटऐवजी हे पाणी ओतून पैसे वाचवणारा माणूस पुढं हेडचे पैसे भरतो.

मग असं शेलॅक थापलेली गाडी हाती आली तर करायचं काय? ऑइल स्वच्छ परातीत काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. फडक्यावर रबरासारखे तुकडे सापडले तर चेंबर उतरवून जाळी साफ करून घ्या. जुना माल प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचा. अॅल्युमिनियमवर पॉलिश पेपर घासत बसू नका, सांधा सपाट राहत नाही. नवा माल लावल्यावर तो वाळायला ट्यूबवर लिहिलेला वेळ द्या. बऱ्याच सिलिकॉनला पूर्ण वाळायला 24 तास लागतात. सकाळी लावून दुपारी गाडी ताब्यात मागणारं गिऱ्हाईकही या बिघाडाचा वाटेकरीच.

मिस्त्रीशी भांडू नका, पण हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले का, एवढं विचारा. जुनं गॅस्केट परत मागा. आणि टोळी घेऊन निघण्याआधी दोन दिवस गाडी गावातच फिरवून, सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक एकदा बघाच.