खांब पाडायचा की जपायचा?

(सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मागं एका पोरानं मला विचारलं, 'दादा, कॉलेजात पोरं टोमणे मारतात. म्हणतात, कोरेगावचा खांब इंग्रजांच्या विजयाचा, गुलामीची खूण, पाडून टाकला पाहिजे. तुम्ही तिथं माथा टेकता म्हणजे तुम्ही देशद्रोही. मी काय बोलू?' पोरगं तिथं गप्प बसून आलं होतं. आज त्याच्यासाठीच बोलतोय.

आधी खरं काय ते बघू. १ जानेवारी १८१८. भीमेकाठचं कोरेगाव. कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली कंपनीची आठशेच्या आसपास माणसं. समोर दुसऱ्या बाजीरावाची पंचवीस हजारांवर फौज. त्यातले दोनेक हजार प्रत्यक्ष लढाईत उतरले. दिवसभर गावात मारामारी चालली. रात्री पेशव्याची माणसं मागं सरली. कंपनीची पावणेतीनशेच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली, नाहीतर बेपत्ता झाली. पुढं इंग्रजांनी तिथं खांब उभारला, त्यावर मेलेल्यांची नावं कोरली. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हे आपले महार शिपाई.

आता टोमणे मारणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करा. हा खांब इंग्रजांनी आपल्यासाठी बांधला नाही. स्वतःच्या फौजेचा रुबाब दाखवायला बांधला. त्यावर मराठ्यांची नावं आहेत, मुसलमानांची आहेत. पेशव्याकडून अरब लढले, गोसावी लढले. शिपाई पगारावर लढला. 'महारांनी जातीची गुलामी तोडायला ही लढाई केली हे मिथक आहे' अशा अर्थाचं आनंद तेलतुंबड्यांनी जानेवारी २०१८ मध्ये लिहिलं. आपल्यातले बरेच त्यांच्यावर चिडले. आणि सरकारनं काय केलं? एल्गार परिषदेच्या खटल्यात त्यांनाच एप्रिल २०२० मध्ये आत टाकलं! अडीच वर्षं तुरुंगात ठेवलं. म्हणजे खांबाला नमस्कार करणाराही गुन्हेगार आणि खांबाबद्दल प्रश्न विचारणाराही गुन्हेगार. यावरून समजा, राग खांबावर नाही. राग आपण तोंड उघडतो यावर आहे.

इंग्रज तरी कुठं आपला होता? काम झालं आणि १८९० च्या दशकात त्यानं महारांची भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये विलायतेच्या सरकारकडं अर्ज धाडला, फौजेचे दरवाजे उघडा म्हणून. हेच कांबळे लोकांना कोरेगावच्या खांबापाशी जमवायचे. इंग्रजाच्या दगडावरचाच पुरावा त्यांनी इंग्रजाच्या तोंडावर धरला. इंग्रजानं बांधलेल्या खांबाचा अर्थ तिथंच बदलायला लागला.

मग १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. वर्ष एकच. एक वस्तू जपली, एक वस्तू जाळली. काय ठेवायचं आणि काय टाकायचं याचं माप त्यातच आहे. जे माणसाला ताठ उभं करतं ते ठेवा. जे माणसाला वाकवतं ते टाका.

आता आपल्या गावाचं. सोलापूरकरांना जास्त अवघड प्रश्न आहे. याच शहरावर इंग्रजांनी १९३० मध्ये मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढवलं. आपण चार पुतळ्यांपाशी मान झुकवतो. मग १ तारखेला कोरेगाव आणि १२ तारखेला चार पुतळे हे कसं जमतं? जमतं. कारण कोरेगावात आपण कंपनीच्या झेंड्याला नमस्कार करत नाही. ज्यांची सावलीसुद्धा चालत नव्हती, त्यांची नावं दगडावर आली, त्या नावांना करतो. आणि ज्या इंग्रजानं या चौघांना मारलं, तो आपलाही मालकच होता. दोन्ही मालक नकोत, हाच आपला राष्ट्रवाद.

आणि दगडांचं म्हणाल, तर मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात आहे. गावकुसाचं काम करताना कूस कोसळलं आणि चोखोबा त्याखाली मेले असं सांगतात. समाधी पंढरपुरात, देवळाच्या बाहेर, पायरीपाशी. त्यांच्या लेकरांना देऊळ उघडायला १९४७ साल उजाडलं, साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. या देशातले किल्ले, कुसं, देवळं कुणाच्या हातांनी उभी राहिली? नावं कुठायत? नावं कोरलेला एक खांब सापडला तर तोच डोळ्यात खुपतो!

ज्यांना दगड पाडायची हौस आहे त्यांनी जयपूरला जावं. तिथल्या हायकोर्टाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. न्यायाधीशांनीच तो हलवायचा ठराव केला, त्याला स्थगिती मिळाली. २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादच्या दोन बायांनी तिथं चढून त्याला काळं फासलं. गुलामीच्या खुणेवर बोलणारे तेव्हा कुठं होते? इंग्लंडात ब्रिस्टलच्या लोकांनी गुलामांचा व्यापार करणाऱ्या कोल्स्टनचा पुतळा जून २०२० मध्ये बंदराच्या पाण्यात ढकलला. नंतर तो बाहेर काढून, फासलेल्या रंगासकट, संग्रहालयात आडवा ठेवला. इतिहास पुसला नाही, त्याची जागा बदलली. मनूचं तसंच करा, आमची हरकत नाही.

शेवटचं, आपल्यासाठी. डिसेंबर २०१७ मध्ये वढूला गोविंद गोपाळांच्या समाधीची मोडतोड झाली. तीन दिवसांनी कोरेगावला जाणाऱ्यांवर दगड पडले, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. तरी माणसं पुढच्या वर्षी गेलीच. पण नुसतं जाऊन फोटो काढून परत येऊ नका. ती नावं वाचा. मराठ्याचं वाचा, मुसलमानाचंही वाचा. सगळा इतिहास सांगणारा, इंग्रजाची दगाबाजीही सांगणारा फलक तिथं लागला पाहिजे, ही मागणी आपण करू. खोटं सांगून खांब टिकणार नाही.

आणि त्या पोराला सांगतो, उद्या कॉलेजात गप्प बसू नकोस.

जयभीम!