स्कॉटलंडच्या घाटात डिझेल मोटार
(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणावरून)



विलायतच्या प्रवासाबद्दल काही सांगा, अशी चिटणीसबाईंनी गळ घातली, तेव्हा मी त्यांना म्हटले की किल्ल्यांचे आणि सरोवरांचे फोटो आता सगळ्यांच्याच मोबाईलमध्ये असतात, मी आपली मोटारीबद्दल बोलेन. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण नको म्हणाल्या नाहीत. तेव्हा कंटाळा आल्यास दोष त्यांचा.

2016 सालच्या मे महिन्यात आम्ही उभयता ग्लासगोला मुलाकडे गेलो होतो. स्काय बेट पाहावे अशी यांची फार दिवसांची इच्छा. पण मुलाला रजा नव्हती, आणि मोतीबिंदू काढल्यावरही यांच्या डाव्या डोळ्याची नजर नीट सुधारली नव्हती. मोटार चालवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. मुलगा म्हणाला, सहलीच्या बसने जा. मी म्हटले, ‘मी चालवते मोटार.’ जेवणाच्या टेबलावर थोडा वेळ कुणी बोललेच नाही.

त्यात त्यांचे काही चुकले नाही. मी मोटार शिकले वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तीही बँकेत आणि मंडईत जाण्यापुरती. कात्रजच्या अलीकडे मोटार बाजूला घ्यायची आणि जागा बदलायच्या, हा आमच्या घरचा अलिखित नियम होता. घाट यांचा, सपाटी माझी. मला ते सोयीचेच वाटे, हेही कबूल केले पाहिजे.

ब्रिटनमध्ये आपला भारतीय परवाना बारा महिने चालतो, आणि वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. पण भाड्याच्या मोटारीच्या खिडकीपाशी कळले, की जो मुख्य चालक त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते. यांनी सवयीने आपले पुढे केले होते, ते त्या मुलीने हसून परत दिले. माझे कार्ड पर्सच्या तळाशी औषधांच्या पाकिटाखाली होते. सही माझी झाली. मोटार ताब्यात घेताना चहूबाजूंनी तिचे फोटो काढून ठेवा, ही तेवढी सूचना जाता जाता करते. जुना ओरखडा आपल्या माथी यायला नको.

मिळाली ती वॉक्सहॉल कोर्सा, लहानशी, मागे उघडणाऱ्या दाराची, डिझेलवर चालणारी. किल्ली फिरवली, आणि भगिनींनो, मला आमच्या पुण्याच्या मोटारीचाच आवाज आला! सकाळी थंड असताना टकटक करणारा, मग हळूहळू गळा साफ केल्यासारखा मऊ होणारा. यांनाही तो ओळखू आला. आमची 2012 सालची स्विफ्ट डिझेल, आणि दोघींचे इंजिन एकाच घराण्यातले. फियाटच्या तंत्रज्ञांचे ते 1248 घनसेंटिमीटरचे इंजिन युरोपात कितीतरी मोटारींत बसले. आपल्याकडे मारुतीने ते परवान्याने बनवले, आणि आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते तयार होत असे. सात समुद्रांपलीकडे माहेरचे माणूस भेटावे तसे झाले.

बाकी सारे मात्र सासरचे! दिवा दाखवायची दांडी आपल्याकडे उजवीकडे, तिथे डावीकडे. पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर मी वायपर चालू करीत होते, आणि तेही लख्ख उन्हात. लाल दिव्यापाशी मोटार उभी राहिली की इंजिन आपोआप बंद पडे. इंधन वाचावे म्हणून ती सोय. क्लच दाबला की पुन्हा सुरू. मला वाटले मीच बंद पाडली, म्हणून घाईने किल्ली फिरवायला गेले. मागच्या माणसाने भोंगा वाजवला नाही, याचे मला त्या वेळी फार बरे वाटले.

पंपावर आपले आपणच भरायचे. तिथे काळी नळी डिझेलची आणि हिरवी पेट्रोलची. पेट्रोलच्या नळीचे तोंड बारीक असते, त्यामुळे ती डिझेलच्या मोटारीत सहज शिरते आणि घोटाळा होतो. डिझेल हे स्वतःच पंपाला वंगणाचे काम करते, पेट्रोल ते वंगण धुऊन काढते, आणि मग दुरुस्तीचा खर्च मोठा. मी झाकणावरचा शब्द तीनदा वाचला. डिझेल तिकडे पेट्रोलपेक्षा स्वस्त नसते, पण पुरवठ्याला येते. इंधन लिटरने, अंतर मैलांत आणि हिशेब गॅलनचा, असा त्यांचा कारभार. यांनी कागदावर मांडून पाहिले, तर लिटरला वीस किलोमीटरांच्या वर पडत होते.

लॉख लोमंडच्या काठाने वर जाताना टार्बेटच्या पुढे रस्ता अगदी अरुंद होतो. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला पाणी, समोरून मोठमोठे ट्रक. खांदे दुखून आले. पण रॅनॉखच्या माळावर रस्ता मोकळा झाला आणि ग्लेन्कोच्या डोंगरांत शिरेपर्यंत माझ्या लक्षात आले, की हे एकदाही ‘गिअर बदल’ म्हणाले नाहीत.

स्काय झाले, पूल झाला, सगळे छान. पण मला सांगायचे आहे ते परतीच्या वाटेवरच्या बेलाख ना बा या घाटाबद्दल. गेलिक भाषेत त्याचा अर्थ गुरांची खिंड. उंची 2053 फूट, चढ पाचास एक, आणि रस्ता एकाच मोटारीपुरता. पायथ्याच्या पाटीवर स्वच्छ लिहिले आहे, की शिकाऊ चालकांनी आणि फार मोठ्या वाहनांनी जाऊ नये. यांनी पाटी वाचली आणि माझ्याकडे पाहिले. लांबचा, सोपा रस्ताही होता. मी वळले नाही.

लहान डिझेल इंजिनाचा एक स्वभाव असतो. फेरे दोन हजारांच्या खाली गेले की ते मरगळते, आणि वर गेले की एकदम जोर धरते. दुसऱ्या गिअरमध्ये अवघड वळण घ्यायला जावे, तर ऐन चढावर दम जातो. म्हणून वळणाच्या आधीच पहिला टाकायचा. हे मला कुणी शिकवले नव्हते. इतकी वर्षे घाटात शेजारी बसून मी तो आवाज ऐकत आले होते; चाक हाती नसले तरी कान होतेच की.

अशा रस्त्यांवर जागोजाग बाजूला थांबण्यापुरते रुंद तुकडे ठेवलेले असतात. वर चढणाऱ्याला वाट द्यावी, हा आपल्या घाटांतला नियम तिथेही आहे. पण समोरून आली ती घराएवढी मोटार, पाटीला न जुमानता! तिच्या मागे आणखी दोन. तिला मागे जाणे शक्यच नव्हते. थांबायची जागा माझ्या मागे, तीसएक पावलांवर, आणि डाव्या हाताला दरी.

यांनी पट्टा सोडला. खाली उतरून, हात हलवत ‘येऊ दे, येऊ दे’ करायचे म्हणून. मी म्हटले, ‘अहो, बसा. त्या बाजूची कड तुम्हाला दिसायची नाही.’

बोलले आणि जीभ चावली. इतक्या दिवसांत डोळ्याचा विषय मी असा कधी काढला नव्हता. ते काही बोलले नाहीत. पट्टा पुन्हा लावला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

त्या मोटारीत मुठीखालची कडी वर उचलल्याशिवाय मागचा गिअर पडत नाही. पहिल्यांदा ती उचलायलाच विसरले. मग पडला. आरशात दगड दिसत होता, तेवढाच पाहत, क्लचवर पाय थरथरत, बोट बोट मागे आले. समोरचा म्हातारा जाताना हात वर करून गेला. मला हात उचलता आला नाही. तो चाकाला चिकटला होता.

माथ्यावर थांबलो. खाली समुद्र, पलीकडे स्काय. वारा इतका की दार उघडेना. थर्मासमधला चहा ओतता ओतता हे म्हणाले, ‘पहिला गिअर अगदी वेळेवर टाकत होतीस.’ बत्तीस वर्षांत मोटारीच्या बाबतीत मिळालेले हे पहिले प्रशस्तिपत्र. डोळ्याबद्दल मी माफी मागायला गेले, तर म्हणाले, ‘चहात साखर कमी आहे.’

मारुतीने 2020 साली डिझेल मोटारी बनवणे बंद केले. आमची जुनी अजून आहे, आणि सकाळी तशीच टकटक करते. परत आल्यावर पहिल्यांदा वाईला निघालो, तेव्हा जुन्या कात्रज घाटाच्या अलीकडे मी सवयीने तिला बाजूला घेतली. हे जागचे हलले नाहीत. ‘का थांबलीस?’ म्हणाले.

कुणाला भाड्याच्या कागदपत्रांबद्दल विचारायचे असेल, तर चहाच्या वेळी विचारावे.