आप्पांच्या ॲम्बॅसिडरचा डायनॅमो
(मंडळाच्या सभेतील भाषण)



आमच्या घरची जुनी ॲम्बॅसिडर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. दोन-चार जणांच्या वराती तर तिच्यातूनच निघाल्या. गेल्या हिवाळ्यात उज्जैनहून इंदूरला परतताना तिचा चार्जिंगचा लाल दिवा लागला तो विझेचना. हेडलाइट मंदावत गेले आणि घर गाठेपर्यंत बॅटरी बसली.

गॅरेजवाला म्हणाला, "साहब, डायनॅमो का ज़माना गया. अल्टरनेटर लगवा लो, पुराना मैं भंगार में ले लूँगा." आम्हा भावंडांनाही ते पटलं होतं. पण ८७ वर्षांचे आप्पा खुर्चीतूनच म्हणाले, "आधी तपासा. मग भंगारात द्या."

ते सांगत गेले, आम्ही करत गेलो. फॅन बेल्ट ठीक होता. मग डायनॅमोच्या तारा काढून त्याची डी आणि एफ ही टोकं एकमेकांना जोडली. व्होल्टमीटरची एक तार तिथे, दुसरी बॉडीला लावली आणि इंजिनचा वेग हळूहळू वाढवला. डायनॅमो चांगला असेल तर काटा भराभर २० व्होल्टकडे चढतो. आमचा काटा जागचा हलला नाही. आप्पा म्हणाले, "ब्रश बघा."

खरंच, कार्बन ब्रश झिजून इतके आखूड झाले होते की ते कम्युटेटरला नीट टेकतच नव्हते. मागचा बुशही ढिला होता. आर्मेचर मात्र शाबूत. कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्यानं पुसून बारीक काचकागदानं घासला, पट्ट्यांमधला अभ्रक किंचित कोरला, ब्रश आणि बुश नवे घातले. तारा जोडण्यापूर्वी बॅटरीची जिवंत तार एफ टोकाला क्षणभर टेकवली, म्हणजे चुंबकत्वाची दिशा बरोबर राहते. इंजिन सुरू करून वेग दिला आणि लाल दिवा विझला.

अर्थात डायनॅमोच्या मर्यादा दुरुस्तीनं जात नाहीत. आमचा डायनॅमो फार तर २२ अँपिअर देतो आणि इंजिन आयडलवर असताना जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटर तेव्हाही चार्ज करतो. ज्यांना रोज रात्री गर्दीतून गाडी न्यायची आहे, त्यांनी तो जरूर बसवावा. फक्त बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते आधी पाहावं. जुन्या गाड्यांत पुष्कळदा धन टोक असतं, आणि उलटी जोडणी झाली तर अल्टरनेटरचे डायोड जळतात. काढलेला डायनॅमो भंगारात न देता जपून ठेवावा.

आमची गाडी महिन्यातून दोनदा, दिवसाउजेडी निघते. तिला डायनॅमो पुरेसा आहे.

काम संपल्यावर आप्पांनी आमचे काळे झालेले हात पाहिले आणि एवढंच म्हणाले, "चला, आता माझ्यावाचून अडणार नाही." त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

यंदाही विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडी असेल. ती पावलापावलानं चालणार, म्हणून रोषणाईला वेगळी बॅटरी ठेवली आहे. मागच्या सीटवर आप्पा असतील. त्यांना भेटायला जरूर या.

गणपती बाप्पा मोरया!